भिंतीला शिवलेली फळी

मागच्या महिन्यात माझ्या मुलानं भिंतीला लावायचं घडीचं टेबल मागवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक फळी आली, दोन लोखंडी कोन आले, स्क्रूची पुडी आली आणि नुसत्या चित्रांचा एक कागद आला. त्यानं ड्रिलनं भिंतीला भोकं पाडली, मोबाइल फळीवर आडवा ठेवून ती समतल आहे का ते पाहिलं आणि माझा चहा निवायच्या आत टेबल तयार झालं. मी शेजारी उभा राहून छताकडे बघत होतो. काय शोधताय, असं त्यानं विचारलं. मी दोरी शोधत होतो. पण ते सांगायला फार मागून सुरुवात करावी लागली असती, म्हणून काही नाही म्हणालो. मग हात पुसता पुसता तो सहज बोलून गेला की बाबा, तुमच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती म्हणूनच तुम्ही नागपूरला मामांकडे गेलात ना. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. पहिल्यांदा कुणी सांगितली ते आठवत नाही; मी ती कधी दुरुस्त केली नाही, एवढं मात्र खरं. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "नाही रे, जागा होती." त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुढे मला काही बोलता आलं नाही. बोलता आलं नाही म्हणून हे लिहायला बसलो आहे.

भंडाऱ्याजवळच्या मोहाडीत आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. घर म्हणजे एक लांब खोली, मागे स्वयंपाकाची पडवी, तिच्या मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी. खोली लांब, कारण माग लांब. बाबा खड्ड्याच्या मागावर विणत. जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. त्यांच्या पुढ्यातून ताण्याचे धागे निघत ते खोलीच्या पार दुसऱ्या टोकाच्या खुंटापर्यंत जात. त्यामुळे घरात चालायचं ते भिंतीला चिकटून. पाहुणा आला की त्याला आधी "धागे पाहून" म्हणायचं आणि मग "या, बसा" म्हणायचं. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरातून अशी एक नदी वाहत असते आणि माणसं तिच्या काठाकाठानं राहतात. खिडकीतून ऊन आलं की कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे धागे खरंच पाण्यासारखे चमकत. सुताला पाजायच्या भाताच्या पेजेचा आंबूस वास कपड्यांना, पुस्तकांना, वरणालासुद्धा येई. मायला तो वास येत नसे. तिला वास कसला म्हणून विचारलं तर ती भाताचा म्हणे, आणि तेही खोटं नव्हतं.

दिवसभर मागाचा आवाज चाले. धोट्याचा हलका खट् आणि लगेच धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा जड ठोका. तो ठोका जमिनीतून येई, कारण माग जमिनीतच रुतलेला होता. मी लिहायचो ते जमिनीवर पालथा पडून, गोणपाटावर, ताण्याखालच्या अरुंद सावलीत. दर ठोक्याला लेखणी उडे. माझ्या वह्यांमध्ये अक्षरं ठरावीक अंतरावर एकदम उंच व्हायची आणि परत खाली यायची. शाळेतल्या गुरुजींनी एकदा मायला बाजारात गाठून सांगितलं की पोरगं हुशार आहे, पण त्याचं अक्षर तापात लिहिल्यासारखं आहे, त्याला घरी बसायला जागा द्या. माझी धाकटी बहीण शोभा तेव्हा सोबत होती. तिनं घरी येऊन गुरुजींची नक्कल करून दाखवली, आणि बाबा हसले. पण विणताना ते गुणगुणत, ते त्या दिवशी गुणगुणले नाहीत.

दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात मामा आला. मामा, मायचा मोठा भाऊ, नागपुरात नोकरीला होता. त्याच्याकडे एक टेबल होतं, ते मी एकदाच पाहिलं होतं. त्याला कप्पे होते, वर काच होती आणि काचेखाली देवांची चित्रं आणि एका थंड हवेच्या गावाचं चित्र होतं. त्यानं मला ताण्याखाली पालथा पडलेला पाहिला, गुरुजींचं बोलणं ऐकलं आणि जेवताना म्हणाला की शाळा सुरू व्हायच्या आधी मी येतो आणि भाच्याला घेऊन जातो. इथं बसायला जागा नाही, त्यात कुणाचा दोष नाही. माय भात वाढता वाढता थांबली आणि मग हो म्हणाली. बाबा फक्त "पाहू" म्हणाले. आमच्या घरात "पाहू" म्हणजे काय, हे त्या दिवशीपर्यंत मला माहीत नव्हतं. आणि मला? मला जायचं होतं. हे मी सरळ लिहून टाकतो. ते टेबल, ती काच, डोक्यावर फिरणारा पंखा, पायाखाली न थरथरणारी जमीन, हे सगळं मला हवं होतं. मी रात्री डोळे मिटून त्या टेबलाचे कप्पे उघडत असे. कुणाला बोललो नाही, पण लपतही नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आंघोळीला गेली तेव्हा न्हाणीला दार नव्हतं. बाबांनी ते काढून अंगणात आडवं टाकलं होतं आणि राखेनं घासत होते. बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचं ते दार आजोबांच्या वेळचं. वर्षानुवर्षं पाणी खाऊनही ते कुजलं नव्हतं. फक्त खालची कड साबणानं पांढरी पडली होती. माय काहून काढलं म्हणून विचारत राहिली, आणि बाबा घासत राहिले. शेवटी तिनं गोणपाट बांधून घेतलं आणि आतून मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "तुह्या अभ्यासापायी मी गोणपाटाआड न्हाऊन राहिली, ध्यानात ठेवजो." ध्यानात आहे. शोभा आता भंडाऱ्याला असते. तिला हे वाचायला पाठवणार आहे. ती म्हणेल, दादा, तू न्हाणीच्या दाराचंच जास्त लिहिलंस.

बाबांचा विचार असा होता: दार ही भिंतीला धरून राहणारी आणि उघडझाप करणारी वस्तू आहेच. तेच दार आडवं लावायचं. काम असलं की खाली पाडायचं, म्हणजे टेबल. नवा ताणा लावायचा असला, मायला रहाट मांडून धोट्यात बसणाऱ्या कांड्या सुतानं भरायच्या असल्या, की वर उचलून भिंतीला लावून टाकायचं, म्हणजे भिंत. हे त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं. अशी टेबलं असतात हे त्यांना माहीतही नसावं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गणपत सुतारानं ऐकलं तेव्हा तो म्हणाला, खाली दोन पाय लाव, घडीचे, मी करून देतो. बाबांनी मान हलवली. पाय त्यांच्या डोक्यातच बसेनात. आता मला त्याचं कारण कळतं. बाबांच्या जगात वस्तू खाली टेकत नसत, वरून लटकत. ताण्याचे धागे आळीपाळीनं वरखाली करणाऱ्या मागाच्या दोन चौकटी वरच्या मयालीला, छताच्या तुळईला टांगलेल्या, दिवा टांगलेला, मांजरापासून वाचवलेलं दूध शिंक्यात टांगलेलं. जे पक्कं ते वरून. जमीन तर दिवसभर हलतच असे.

पुढचे काही दिवस शाळेला सुट्टी असल्यामुळे मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि मला जायचं आहे हे विसरून मी त्या कामात शिरलो. गणपतनं रंधा आणि गिरमिट दिलं. पण आपलं गिरमिट परक्या हाती सोडवेना म्हणून तो स्वतःही येऊन उंबऱ्यावर बसू लागला. रंधा मारताना बिजाच्या आतून मधासारखा रंग निघाला. माझ्या हातून थोड्या ढलप्या पाण्याच्या पेल्यात पडल्या आणि उन्हात धरल्यावर पाणी कडेनं निळं दिसू लागलं. पिवळ्या लाकडातून निळं पाणी कसं येतं, हे मी सगळ्यांना विचारत सुटलो. माय म्हणाली, पिऊ नको. गणपत म्हणाला, साखरेच्या रोग्याले देतेत ते. बाबांनी पेला डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "असा रंग सुताले चढला असता तं." मग तो पेला त्यांनी मागाजवळच्या कोनाड्यात ठेवून दिला, आणि तो रंग जाईपर्यंत दर सकाळी आम्ही दोघं त्यात पाहत असू.

भिंत मातीची, तिच्यात स्क्रू कसला टिकणार. बाबांनी भिंतीत खोल भोकं करून खुंट्या ठोकल्या, भोवती भाताचं तणीस कालवलेली माती दाबली, आणि ती वाळल्यावर खुंट्यांवर एक आडवी लाकडी पट्टी बसवली. उंची ठरवायला त्यांनी मला तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसवलं. टेबल म्हटलं की पाय लोंबकळले पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. त्यांना ते मामाच्या घरीच दिसलं असणार. पट्टी झाली. आता दार तिला जोडायचं. गणपत खिशातून बिजागऱ्या काढणार तेवढ्यात बाबांनी सुताची जाड दोरी काढली. तिला मेण चोळलेलं होतं. दाराच्या मागच्या कडेला त्यांनी गिरमिटानं ओळीनं भोकं पाडली, तशीच पट्टीला पाडली, आणि फळी भिंतीला शिवायला घेतली. सुईऐवजी सायकलची तार. टाका घालून दोरी ओढताना ते ओठ आत घेत, अगदी गोधडी शिवणाऱ्या बाईसारखे.

"कब्जे काहून नाई लावत?" गणपत म्हणाला. "बाजारात भेटतेत."

"गंजतेत."

"अन् दोरी तुटत नाई?"

"दोरी मले बदलवता येते," बाबा म्हणाले.

गणपतनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. मग पुढचे दोन कोपरे राहिले. फळी खाली पाडली की ते वरून धरून ठेवायचे. इथं बाबांनी आपली सगळी अक्कल लावली. जुन्या मागाची एक लाकडी गरारी, म्हणजे कप्पी, माळ्यावर होती. ती त्यांनी फळीच्या बरोबर मधोमध वर, मयालीला बांधली. एकच दोरी घेतली. तिचं एक टोक डाव्या कोपऱ्याला, दोरी वर गरारीवरून नेलेली, आणि दुसरं टोक उजव्या कोपऱ्याला. मागाच्या चौकटी अशाच टांगलेल्या असतात. एकच दोरी दोन्हीकडचा भार वाटून घेते, असं त्यांनी मला समजावलं, आणि मला ते इतकं सुंदर वाटलं की मी मान डोलावत राहिलो.

फळी सरळ आहे का हे पाहायला शोभानं पितळी परातीत पाणी आणलं. परात मधोमध ठेवली. पाणी काठाकाठाला सारखं उभं राहिलं. माय पदरानं हात पुसत येऊन उभी राहिली. बाबा मला म्हणाले, बस. मी डब्यावर बसलो, वही ठेवली आणि रीतसर डावं कोपर टेकवलं. डावी बाजू खाली गेली, उजवी उचलली गेली, गरारी गोड आवाज करत फिरली, आणि परातीतलं पाणी खाली मायच्या भरलेल्या कांड्यांच्या टोपलीत गेलं.

शोभा म्हणाली, "दादा, तू तिकून लेहे. मले इकून झुलू दे."

गणपत उंबऱ्यावर पोट धरून बसला. "माग टांगला ना बाप्पा भिंतीले," तो म्हणाला. "आता खालून दोन पावड्या लाव, पोरगं लेहीन बी अन् विणीन बी."

ही बातमी गल्लीभर गेली. लोक येत, ताणा सांभाळत भिंतीकाठानं चालत फळीपर्यंत पोचत, एकदा डावीकडे दाबत, एकदा उजवीकडे दाबत, आणि समाधानानं परत जात. एका म्हाताऱ्या काकांनी तर हे मुद्दाम केलं आहे असं समजून बाबांचं कौतुक केलं. बाबा रागावले नाहीत. ते रोज सकाळी मागावर बसायच्या आधी फळीशी झगडत. त्यांनी टाके घट्ट केले. फळी जरा कमी डोलली, पण डोललीच. त्यांनी उजव्या कोपऱ्याखाली दगड बांधला. मग मी डावीकडे टेकलो नाही तर वही आपोआप उजवीकडे घरंगळे. शेवटी ते म्हणाले की दोष गरारीचा आहे, ती कुठंतरी अडते, म्हणून भार सारखा होत नाही. त्यांनी ती उतरवली, घासली, खोबरेल पाजलं. कान लावून फिरवून पाहिली, जशी ते मागाची गरारी पाहत. त्यानंतर फळी इतकी हलकी डोलू लागली की वर माशी बसली तरी कळावं. मामा यायला थोडेच दिवस उरले होते. घरात तसं कुणी बोलत नव्हतं, पण मायनं माझे दोन सदरे धुऊन, घडी घालून वेगळे ठेवले होते, आणि बाबांची नजर त्या सदऱ्यांवरून फळीवर आणि फळीवरून सदऱ्यांवर जात असे.

एका दुपारी बाबा तयार साडी पोचवायला गेले होते. माय शेजारी होती. शोभा रहाटावर कांड्या भरत होती आणि मी डब्यावर उभा राहून फळी डावीउजवीकडे दाबत गरारीकडे पाहत होतो. दुसरं काही काम नव्हतं म्हणून नव्हे. मला ती दोरी पळताना पाहायला आवडे. डावीकडे दाबलं की ती किती पळते, अर्धं दाबलं की किती पळते. मनात आलं, ती पळालीच नाही तर? शोभाच्या टोपलीतली एक रिकामी कांडी, बोटभर लांबीची पोकळ काडी, मी उचलली आणि दोरी व गरारीच्या मधल्या फटीत खुपसली. मग फळीच्या डाव्या बाजूला दाबलं. काही झालं नाही. उजवीकडे दाबलं. काही झालं नाही. मी पोट टेकवून अर्धा तिच्यावर ओणवा झालो. फळी भिंतीसारखी अढळ. कांडी काढली, की झोका. घातली, की टेबल.

मी कांडी हातात घेऊन खाली बसलो. एवढंच होतं. दोरी एक असली तरी अडकली की तिच्या दोन दोऱ्या होतात, आणि ज्यानं त्यानं आपापली बाजू धरायची. गणपतलाही हे सांगता आलं असतं, पण त्याला मजा येत होती. बाबांना मात्र हे दिसणं शक्यच नव्हतं. गरारीत काही अडकलं की माग बंद पडतो. कचरा, केस, तुटका धागा, जे काही अडकेल ते काढून टाकणं हेच त्यांनी कळायला लागल्यापासून केलं होतं. ते फळी सरळ व्हावी म्हणून, अगदी जीव लावून, तिला आणखी डोलती करत होते. हे सगळं मला त्या दुपारी एकदम कळलं, आणि हेही कळलं की ही कांडी अंगणात फेकून दिली तर चार दिवसांनी मामा येईल, फळी दाबून पाहील, हसेल, आणि मला घेऊन जाईल. कांडी माझ्या मुठीत ओली झाली. शोभा रहाट थांबवून माझ्याकडे पाहत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती काहीच म्हणाली नाही, आणि शोभाचं काहीच न म्हणणं फार क्वचित घडे.

मी मोठेपणानं वागलो असं कुणी समजू नये. बाबांसाठी मी ते केलं नाही. मला कळलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हाही राहवलं नाही, आणि ऐकून ज्याला सर्वांत जास्त नवल वाटेल असा माणूस घरात एकच होता. बाबा घरी आले, त्यांनी तोंडावर पाणी मारलं, आणि मी म्हटलं, बाबा, पाहा. त्यांनी वर पाहिलं. गरारीत कांडी दिसताच त्यांचा हात आपोआप ती काढायला गेला. मी तो हात धरला. इतक्या वर्षांत त्यांचा हात मी असा धरल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. मग त्यांनी दुसऱ्या हातानं डावीकडे दाबलं. उजवीकडे दाबलं. परत डावीकडे. खाली बसून खालून पाहिलं.

"म्हंजे अडकू द्यायची," ते म्हणाले.

"हो."

"जिंदगीभर हेच काढत आलो मी." आणि ते हसायला लागले. तसं हसणं घरात कधी ऐकलं नव्हतं. माय शेजारून धावत आली. त्यांनी तिला दाबायला लावलं, शोभाला दाबायला लावलं, गणपतला हाक मारून बोलावलं आणि त्याला फळीवर बसायला सांगितलं. गणपत बसला. म्हणाला, "पोरगं हुशार हाये. जाऊ द्या त्याले नागपूरले." बाबांचं हसू तिथंच थांबलं.

त्या फळीवर मी मामा येईपर्यंत लिहिलं. मागाचा ठोका आता जमिनीतून न येता मयालीतून, दोरीतून उतरत येई, आणि पोचेपर्यंत इतका बारीक होई की मनगटाला नुसती चाहूल लागे. बाबा पदर विणतात की साडीचं अंग, हे मला पाठमोरा बसून मनगटात कळे. अक्षर सरळ आलं. बाबांनी माझी वही उलटी धरून पाहिली. वाचायला नव्हे, ओळी पाहायला. सुताच्या ओळी पाहतात तसं डोळ्यांपासून लांब धरून.

मामा आला त्या दिवशी मायनं काड्यांवर कणीक वळून उकडलेले सरगुंडे केले होते आणि आमरस. काड्यांवरून सरगुंडे उतरवताना तिचे हात भाजत होते आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती. जेवण झाल्यावर बाबांनी मामाला फळीजवळ नेलं, भिंतीला अडकवलेली ती खाली पाडली आणि बाजूला उभे राहिले. मामा भला माणूस. त्यानं दोन्ही कोपरं टेकवली, मग जोर लावला, मग वर पाहिलं, शिवण पाहिली आणि मनापासून म्हणाला, "भाऊजी, आता मला बोलायला जागा नाही. राहू द्या पोराला इथंच."

मायनं सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. सगळं झालं होतं. बाबांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं होतं. पण ते तिथंच उभे राहिले, फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मामाजी, त्याले विचारा. जागा नाई म्हून माह्या घरचं पोरगं गेलं, असं नोको व्हाले. आता जागा हाये. आता त्याच्या मनात काय हाये ते सांगू दे." आणि मला म्हणाले, "बाबू, बोल. मी काई म्हणत नाई."

त्यांना सदरे दिसले होते, आणि मीही दिसलो होतो.

ताण्यावर ऊन पडलं होतं. शोभा रहाटाजवळ बसली होती. मी कुणाकडेही न पाहता म्हणालो, "जातो."

बाबांनी मान हलवली. फळी उचलली, भिंतीला लावली, खुंटीला अडकवली आणि मागावर जाऊन बसले. पहिला ठोका पडायला जरा वेळ लागला. माझ्या मुलाला सांगता आलं नाही ते हे. जागा होती. मी तिच्यातून उठून गेलो. चूक केली असंही म्हणता येत नाही. मामाकडे शिकलो म्हणून पुढचं सगळं झालं, आणि बाबांनी स्वतः विचारलं होतं. पण विचारताना त्यांचा अंगठा त्या कडेवरून फिरत होता, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

नागपूरचं टेबल जराही हलत नसे. सुरुवातीला मला त्यावर लिहायला जमेना. ओळ कुठं संपवायची ते कळेना. मग जमलं. काचेखालची चित्रंही काही दिवसांत दिसेनाशी झाली. दिवाळीला घरी आलो. गावोगावच्या मंडईचे, म्हणजे दिवाळीतल्या जत्रांचे दिवस, गल्लीत पाहुणेच पाहुणे, घरात चकल्यांचा आणि पेजेचा वास एकात एक. न्हाणीला टिनाचं दार लागलेलं होतं. खोलीत आलो आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं. ज्या उंचीवर पट्टी होती तिथं काहीच नव्हतं. जुनी भोकं लिंपून टाकली होती. बाकी भिंत जुनी आणि तेवढा पट्टा ओल्या मातीचा, वरून शेणानं सारवलेला. फळी बरीच खाली आली होती. खुंट्या नव्यानं ठोकलेल्या, टाके नवे, दोरी लांबवलेली. खाली जमिनीवर मांडी घालून शोभा बसली होती आणि गणितं सोडवत होती. तिला डब्यावर बसून लिहिता येत नसे, पायांना मुंग्या येत; हे मला त्या दिवशी कळलं. तिला लिहायला जागा नव्हती, हेही त्याच दिवशी कळलं. ती इतकी वर्षं कुठं लिहीत होती, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

वर गरारी तीच होती. कांडीही तीच होती.

बाबा मागावरून उठले नव्हते, पण त्यांनी पाय थांबवले होते. "तुह्यासाठी वर घेऊ का?" त्यांनी विचारलं. "सुट्टीपुरतं. माती ओलीच हाये अजून, निघते लवकर."

ते खरंच घेतील हे मला ठाऊक होतं. रात्रीतून भिंत खोदतील, खुंट्या ठोकतील, सकाळी परात ठेवून पाहतील. शोभानं पेन्सिल खाली ठेवली नव्हती, पण ती लिहीतही नव्हती.

"नाही बाबा," मी म्हणालो. "राहू द्या."

माग सुरू झाला. शोभा थोडी सरकली आणि मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. माझे गुडघे फळीला लागत होते. मी जपून, हात मांडीवर ठेवून बसलो, तेव्हा ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "टेकव ना हात. काई होत नाई."

मी उजवीकडे कोपर टेकवलं. मग सगळा भार दिला. तिची बाजू जराही हलली नाही.